सायटेशनचा आकडा हातात आला. आता संशोधकाचं काम वाचायचं कसं?

टेबलावर दोन अर्ज आहेत. एक गणितज्ञ, एच-इंडेक्स ९. एक रेणवीय जीवशास्त्रज्ञ, एच-इंडेक्स ३४. (सायटेशन म्हणजे इतर लेखकांनी आपल्या पेपरात दिलेला दाखला. किती पेपरांना किती सायटेशन्स मिळाल्या यावरून काढलेला आकडा म्हणजे एच-इंडेक्स; तो कसा काढतात ते पुढे येईल.) समोरून कुणीतरी विचारतं, "मग यातलं वजनदार कोण?" दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते एका तराजूत घालताच येत नाहीत. गणितातला ९ कदाचित त्याच्या उपशाखेत नाव कमावलेल्या माणसाचा असेल आणि जीवशास्त्रातला ३४ मोठ्या गटात काम करणाऱ्या, बऱ्यापैकी पण साधारण कामगिरीच्या माणसाचा. उलटही असू शकतं. नुसत्या आकड्यावरून दोन्हींतलं काहीच कळत नाही.

मी संशोधकांच्या प्रकाशनांच्या याद्या बरीच वर्षं तयार करतो आहे: निवड समित्यांसाठी, पीएचडीला मार्गदर्शक शोधणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, कधी संशोधकांच्या स्वतःच्या सांगण्यावरून. एका माणसाचं प्रकाशनांचं रेकॉर्ड प्रामाणिकपणे वाचायला माझी एक अख्खी दुपार जाते. त्या दुपारी काय काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो. सोबतीला एक काल्पनिक संशोधक घेऊ. परिसंस्थाशास्त्रात काम करणारी, पहिला पेपर २०१३ चा, आणि प्रोफाइलवर दहा प्रकाशनं.

आधी माणूस पक्का करा

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि सगळ्यात मोठ्या चुका इथेच होतात. 'वाय. वांग' या नावाने शोधलं तर हजारो माणसांचे पेपर एकत्र येतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेची कारकीर्द दोन नावांत चिरली जाते. कुणी मधलं नाव कधी लावतो, कधी लावत नाही. रोमन लिपीत एकाच नावाची तीन-तीन स्पेलिंगं चालतात.

म्हणून सुरुवात ऑर्किडपासून करा. २०१२ पासून चालू असलेला हा संशोधकांचा सोळा अंकी ओळख क्रमांक आहे (शेवटच्या जागी अंकाऐवजी कधी कधी एक्स हे अक्षर असतं). संशोधकाने त्यावरची आपली यादी नीट भरली असेल तर निम्मं काम झालं. भरली नसेल तर तिच्या संस्थेच्या पानावरची यादी घ्या, आणि प्रत्येक पेपरवर संस्था, सहलेखक आणि विषय या तीन खुणा जुळतात का ते बघा. तीनपैकी दोन जुळल्या नाहीत तर तो पेपर बाजूला ठेवा, पुढे विचारून घेता येतो.

गुगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या मोफत शोधसेवेवरच्या प्रोफाइलवर आंधळा विश्वास नको. तिथे नवे पेपर आपोआप जोडले जातात आणि नावबंधूचा पेपर शिरला तरी प्रोफाइलच्या मालकाला महिनोन्‌महिने पत्ता नसतो. यात लबाडी फार क्वचित असते. बहुतेक वेळा कुणी पाहिलेलंच नसतं.

यादी दोन-तीन ठिकाणांहून घ्या

एकाच संशोधकाचा एच-इंडेक्स गुगल स्कॉलरवर २८, स्कोपसवर २१ आणि वेब ऑफ सायन्सवर १९ दिसला तर गोंधळून जाऊ नका. तिघांनी टाकलेली जाळी वेगवेगळी आहेत. गुगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच जालावर टाकलेले मसुदे), अहवाल, परिषदेतले लेख, पुस्तकं असं जे जालावर सापडेल ते धरतं, त्यामुळे तिथला आकडा बहुधा सर्वात मोठा असतो आणि त्यात केरकचराही असतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे पैसे भरून वापरायचे डेटाबेस निवडक नियतकालिकं घेतात. वेब ऑफ सायन्सची मुळं युजीन गारफिल्ड यांच्या सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये आहेत. १९६४ साली तो छापील खंडांच्या रूपात निघाला. कोणत्या लेखाचा दाखला पुढे कुणी दिला, हे उलट्या दिशेने शोधता यावं, ही त्यामागची मूळ कल्पना. माणसं मोजायला ते साधन बनवलेलं नव्हतं, ग्रंथालयात वाङ्‌मय शोधायला बनवलेलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आजही त्याचा सर्वात चांगला उपयोग तोच आहे.

गुगल स्कॉलर आणि स्कोपस दोन्ही २००४ मध्ये आले. स्कोपसमधले संदर्भ १९७० पर्यंतच मागे जातात, तेव्हा ज्येष्ठ संशोधकांचं जुनं काम तिथे अर्धवट दिसू शकतं. मोफत आणि खुला पर्याय हवा असेल तर २०२२ पासून ओपनअ‍ॅलेक्स आहे.

याशिवाय त्या त्या शाखेचं घरचं साधन असतं आणि बऱ्याचदा तेच जास्त भरवशाचं. गणितासाठी मॅथसायनेट आणि झेडबीमॅथ, संगणकशास्त्रासाठी डीबीएलपी, उच्च-ऊर्जा भौतिकीसाठी इन्स्पायर, वैद्यकासाठी पबमेड. ज्या शाखेचा माणूस, त्या शाखेचं साधन उघडल्याशिवाय यादी पूर्ण झाली असं मी मानत नाही.

एकच नियम काटेकोर पाळा: कुठलाही आकडा लिहिताना शेजारी स्रोत आणि तारीख लिहा. 'एच-इंडेक्स २१, स्कोपस, अमुक तारीख.' दोन उमेदवारांचे आकडे दोन वेगळ्या स्रोतांतून घेतले तर ती तुलना तिथेच बाद.

यादी हाती आली की दुहेरी नोंदी काढा. आरकाइव्ह या जालावरच्या संग्रहातला प्रीप्रिंट आणि नंतर छापून आलेला तोच निबंध कधी दोन ओळींत दिसतात आणि सायटेशन्स दोघांत वाटल्या जातात. त्या एकत्र करा.

प्रत्येक नोंदीपुढे तिचा प्रकार

साध्या स्प्रेडशीटमध्ये हे काम होतं. रकाने एवढेच: वर्ष, शीर्षक, प्रकार, लेखकसंख्या, तिचं स्थान, सायटेशन्स, शेरा. प्रकारात मूळ संशोधन, रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा आढावा), परिषदेतला लेख, पुस्तक किंवा प्रकरण, संपादकीय, डेटासंच, पद्धतीवरचा लेख असे भेद ठेवा. रिव्ह्यू लेखाला मूळ संशोधनापेक्षा सहसा जास्त दाखले मिळतात, कारण पुढचे लेखक दहा मूळ निबंधांऐवजी एका रिव्ह्यूचा हवाला देऊन मोकळे होतात. चांगला रिव्ह्यू लिहिणं हे मोठंच काम आहे, पण ते वेगळं काम आहे. दोन्ही एका रांगेत उभी करू नका.

पद्धतीवरच्या लेखांचं तर विचारूच नका. आजवर सर्वाधिक दाखले मिळालेला शोधनिबंध म्हणून ज्याचं नाव येतं, तो ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध प्रथिनाचं प्रमाण मोजण्याच्या पद्धतीबद्दल आहे. त्याला तीन लाखांहून जास्त सायटेशन्स आहेत. ती पद्धत प्रयोगशाळेत वापरली की निबंधाचा दाखला द्यायचा, अशी रीत पडली आणि आकडा वाढत गेला.

आकडे एकदा हाताने काढा

एच-इंडेक्स होर्खे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला. व्याख्या सोपी आहे: किमान एच इतक्या पेपरांना प्रत्येकी किमान एच इतक्या सायटेशन्स. आपल्या संशोधकाच्या दहा पेपरांच्या सायटेशन्स उतरत्या क्रमाने अशा आहेत:

२१२, ४८, ३१, १९, १४, ९, ७, ६, ३, ०

आता डावीकडून मोजत चला. पाचवा पेपर १४, म्हणजे पाचपेक्षा जास्त. सहावा ९. सातवा ७, बरोबर सात. आठवा ६, आठपेक्षा कमी. थांबा: एच-इंडेक्स ७. दहा किंवा जास्त सायटेशन्सचे पेपर पाच, म्हणून गुगल स्कॉलरचा आय-टेन इंडेक्स ५. एकूण सायटेशन्स ३४९, सरासरी ३४.९. मधला आकडा, म्हणजे पाचव्या आणि सहाव्याच्या मधला, ११.५.

सरासरी जवळपास ३५ आणि मधला आकडा साडेअकरा, हे अंतर दिसलं की कान टवकारा. एकच पेपर सगळा भार उचलतो आहे. २१२ वाला पेपर उघडला तर तो जगभरच्या नोंदी एकत्र करणारा मोठा प्रकल्प निघतो, लेखक १८०. तो काढून पुन्हा मोजा: एकूण सायटेशन्स १३७, सरासरी १५.२, मधला आकडा ९, एच-इंडेक्स ६. एकूण आकडा साठ टक्क्यांनी कोसळला आणि एच-इंडेक्स फक्त एकाने हलला.

एच-इंडेक्सचा गुण आणि दोष दोन्ही या एका उदाहरणात दिसतात. एखाद्या उसळलेल्या पेपरने तो फुगत नाही हा गुण. पण तो पेपर खरोखरच तिचा एकटीचा, क्षेत्राला वळण देणारा असता, तरी एच-इंडेक्सला त्याचा पत्ता लागला नसता. शिवाय हा आकडा कधी कमी होत नाही, संशोधन थांबलं तरी वाढत राहतो. म्हणूनच हिर्शने त्याला पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागण्याचाही पर्याय दिला होता. वेगवेगळ्या वयाच्या माणसांची तुलना करायची असेल तर निदान तेवढं करा.

विद्याशाखा: इथे सर्वात जास्त वेळ द्या

शाखांमध्ये सायटेशनचा वेग आणि पाऊस का बदलतो, हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. कारणं अशी. जीववैद्यकात एका निबंधाच्या शेवटी चाळीस-पन्नास संदर्भ असणं नेहमीचं, गणितात वीस-पंचवीसही पुरतात. जिथे प्रत्येक जण जास्त दाखले देतो तिथे प्रत्येकाला जास्त मिळतातही. मग शाखेचा आकार आणि वाढ: वेगाने वाढणाऱ्या शाखेत आजच्या पेपरला दाखला देणारे उद्या कितीतरी जास्त असतात. मग वेग. जीववैद्यकात पेपर दोन-तीन वर्षांत शिखर गाठतो, गणितात तो दहा वर्षांनीही ताजा असतो. आंतरराष्ट्रीय गणित संघटनेच्या २००८ च्या सायटेशनविषयक अहवालात हा मुद्दा ठासून मांडला आहे: गणितातले जवळपास ९० टक्के दाखले दोन वर्षांच्या खिडकीबाहेर पडतात. म्हणजे ज्या दोन वर्षांवर नियतकालिकांचं वजन मोजणारा इम्पॅक्ट फॅक्टर उभा आहे, त्या वर्षांत गणितात फारसं काही घडतच नाही.

त्यानंतर प्रकाशनाची रीत. संगणकशास्त्राच्या अनेक उपशाखांत मानाचं स्थान परिषदांना आहे, तिथे कसून परीक्षण होऊन लेख स्वीकारला जातो. अशा संशोधकाच्या यादीत नियतकालिकं कमी दिसली म्हणून नाक मुरडणं हा अडाणीपणा आहे. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान यांत खरं काम ग्रंथात असतं. एका ग्रंथामागे आठ-दहा वर्षांचं अभिलेखागारातलं काम असतं आणि त्याला मिळालेले बरेचसे दाखले इतर ग्रंथांत असतात, जे सायटेशन डेटाबेसांच्या जाळ्यात पुरते सापडत नाहीत. इंग्रजीखेरीज इतर भाषांत लिहिणाऱ्यांचं तर याहून जास्त काम दिसेनासं होतं. मानव्यविद्येतल्या माणसाचा एच-इंडेक्स मी टिपणात लिहितच नाही. त्याऐवजी ग्रंथांची परीक्षणं कुठे आली, भाषांतरं झाली का, कोणत्या विद्यापीठांच्या वाचनयादीत आहे, हे बघतो.

मग तुलना करायची कशी? तयार मापं आहेत. स्कोपसचं एफडब्ल्यूसीआय हे त्यातलं सर्वात जास्त वापरातलं: एका पेपरला मिळालेल्या सायटेशन्स भागिले त्याच शाखेतल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांना जगभर सरासरी मिळालेल्या सायटेशन्स. १ म्हणजे जगाच्या सरासरीइतकं, १.५ म्हणजे पन्नास टक्के जास्त. यात प्रकाशनाचं वर्ष आणि पुढची तीन वर्षं धरतात. अमेरिकेच्या एनआयएच या वैद्यकीय संशोधन संस्थेचं २०१६ मधलं आरसीआर हे माप याच जातीचं, फक्त तिथे 'शाखा' कोणती हे पेपरसोबत कुणाचे दाखले दिले जातात त्यावरून ठरतं. दोन्ही उपयोगी आहेत, पण दहा-पंधरा पेपरांच्या यादीवर एफडब्ल्यूसीआयची सरासरी काढली तर एखादा १८० लेखकांचा पेपर ती सरासरी कुठल्या कुठे नेऊन ठेवतो. अशा वेळी टक्केवारी बरी: किती पेपर आपल्या शाखेच्या वरच्या दहा टक्क्यांत आहेत?

पैसे भरून घेतलेला डेटाबेस नसेल तरी हे हाताने जमतं, आणि हाताने केलं की जास्त कळतं. आपल्या संशोधकाचा १९ सायटेशन्सचा पेपर घ्या. २०१७ चा, बेडकांच्या आवाजांच्या ध्वनिमुद्रणावरून त्यांची संख्या अंदाजण्याच्या पद्धतीवर, तीन लेखक, ती पहिली. १९ हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. आता त्याच नियतकालिकाचे त्याच वर्षीचे मूळ संशोधनाचे सगळे पेपर काढा, समजा ६० आहेत. सायटेशन्सप्रमाणे लावा. मधला आकडा ६ निघाला आणि आपला पेपर पाचवा आला, तर तो त्याच्या सोबत्यांत वरच्या दहा टक्क्यांत आहे. मग हेच त्याच विषयाच्या आणखी एका नियतकालिकात करून बघा, म्हणजे एकाच ठिकाणच्या पूर्वग्रहावर विसंबावं लागणार नाही. तासाभराचं काम. २१२ च्या सावलीत दडलेला हा १९ चा पेपर तिचं सर्वात भक्कम काम आहे, हे मला या तासाभरात कळतं. एच-इंडेक्सकडे कितीही वेळ टक लावून बसलो असतो तरी कळलं नसतं.

आंतरविद्याशाखीय माणसं मात्र या पद्धतीलाही चकवतात. ध्वनिविश्लेषण करणारी परिसंस्थाशास्त्रज्ञ कोणत्या टोपलीत घालायची, संगणकशास्त्राच्या की जीवशास्त्राच्या? मी दोन्हीकडे मोजतो आणि दोन्ही उत्तरं लिहितो.

नाव कितव्या जागी?

जीववैद्यकात पहिलं नाव बहुतेक काम करणाऱ्याचं आणि शेवटचं गटप्रमुखाचं. गणितात, सैद्धांतिक संगणकशास्त्रात आणि अर्थशास्त्रात बऱ्याच अंशी नावं वर्णानुक्रमाने लागतात. तिथे 'प्रथम लेखक किती वेळा' हा रकाना निरर्थक, त्यातून फक्त आडनावाचं पहिलं अक्षर कळतं. कण-भौतिकीतल्या मोठ्या प्रयोगांत गटातल्या सगळ्यांची नावं वर्णानुक्रमाने लागतात. अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन गटांनी मिळून २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यावर ५,१५४ लेखक आहेत. त्यातल्या एकाच्या कामाबद्दल तो निबंध काय सांगणार? तिथे प्रयोगांतर्गत टिपणं, कण टिपणाऱ्या यंत्रातला (डिटेक्टरमधला) वाटा, कोणत्या विश्लेषणगटाचं नेतृत्व केलं, हेच विचारावं लागतं.

साधा उपाय म्हणजे वाटणी. २१२ सायटेशन्स १८० लेखकांत वाटल्या तर आपल्या संशोधकाच्या वाट्याला १.२ च्या आसपास येतात, १९ सायटेशन्सच्या पेपरमधून सहाहून जास्त. ही वाटणी भोळसट आहे, सगळ्यांचा वाटा सारखा कधीच नसतो, पण चित्र कुठल्या कुठे बदलतं ते दिसतं. पेपरच्या शेवटी 'लेखकांचं योगदान' असा परिच्छेद असेल तर तो आवर्जून वाचा. क्रेडिट नावाच्या पद्धतीत कल्पना, पद्धती, सॉफ्टवेअर, लेखन अशा चौदा भूमिका ठरलेल्या आहेत, आणि त्या चार ओळी क्रमांकापेक्षा कितीतरी बोलक्या असतात.

दाखला दिलाय, पण कशासाठी?

हा भाग मला स्वतःला सर्वात आवडतो, आणि नेमका हाच सगळे टाळतात. महत्त्वाचे दोन-तीन पेपर निवडा, 'यांनी दाखला दिला' ही यादी उघडा आणि त्यातले पंधरा-वीस पेपर प्रत्यक्ष वाचा. संपूर्ण नव्हे, फक्त जिथे तुमच्या संशोधकाचं नाव येतं ती दोन वाक्यं.

एका पेपरच्या पहिल्याच परिच्छेदात वाक्य असतं, 'ध्वनीवरून प्राणिगणना करण्याच्या पद्धतींवर अलीकडे बरंच काम झालं आहे', आणि पुढे बारा संदर्भांची माळ. त्या माळेतला एक मणी म्हणजे आपला पेपर. दुसऱ्या पेपरच्या पद्धती विभागात लिहिलेलं असतं, 'हाकांमधलं अंतर आम्ही यांच्या २०१७ च्या पद्धतीने मोजलं. मात्र पावसाच्या आवाजासाठी त्यांची मर्यादा बदलावी लागली.' डेटाबेसमध्ये दोन्हींची किंमत एकच: एक. पण दुसऱ्या वाक्यामागे कुणीतरी तिची पद्धत उचलून प्रत्यक्ष रानात नेली आहे, ती जिथे अडली तिथे दुरुस्त केली आहे.

आपल्या १९ चं मी असं वर्गीकरण केलं असतं: ४ तिच्या स्वतःच्या किंवा सहलेखकांच्या, ६ पद्धत वापरणाऱ्या, २ तिच्याशी वाद घालणाऱ्या, ७ ओझरत्या. स्वतःचा दाखला देणं हे पाप नाही. जो सलग एकाच प्रश्नावर काम करतो तो मागच्या कामाचा हवाला देणारच. निम्म्याहून जास्त दाखले स्वतःचे असतील, किंवा चार-पाच नावं एकमेकांनाच आलटून पालटून दाखले देत असतील, तर मात्र बसून बघा. आणि वाद घालणारे दोन दाखले मी कधी वजा करत नाही. ज्या कामाशी कुणी वाद घालायची तसदी घेतं ते काम बहुधा जिवंत असतं.

दाखल्यांचा ढीग म्हणजे मान्यता, असंही समजू नका. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्याला आजवर हजाराहून जास्त दाखले मिळाले आहेत आणि त्यातले बरेचसे तो खोडून काढणारे आहेत. म्हणून यादीतला प्रत्येक पेपर रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांच्या, संचात एकदा तपासा. २०२३ पासून तो संच शोधनिबंधांच्या ओळख क्रमांकांची नोंदणी करणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि मोफत आहे. मागे घेतलेला पेपर सापडला तरी लगेच शिक्का मारू नका. स्वतःची चूक सापडल्यावर स्वतःहून पेपर मागे घेणारा संशोधक माझ्या लेखी जास्त विश्वासाचा. मागे घेण्याची सूचना वाचा, कारण तिथे लिहिलेलं असतं.

काळाची रेघ

वर्षवार सायटेशन्सचा आलेख काढा आणि त्याशेजारी वर्षवार पेपरांचा. मध्ये दोन वर्षांची पोकळी दिसली तर कारण विचारल्याशिवाय अर्थ लावू नका: बाळंतपण, आजारपण, संस्था बदल, किंवा एखादा दीर्घ क्षेत्राभ्यास. गेल्या दोन वर्षांतल्या पेपरांवर सायटेशनवरून कुठलंही मत नको. आपल्या यादीतला शून्याचा पेपर गेल्याच वर्षीचा आहे. ते शून्य म्हणजे 'अजून माहीत नाही'.

काही कामं तर फारच उशिरा जागी होतात. मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ चा, त्याची खरी दखल १९०० मध्ये घेतली गेली. आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचा १९३५ चा निबंध कित्येक दशकं जवळजवळ निजून होता, आणि आज पुंजभौतिकीत त्याचा दाखला पावलोपावली येतो. अशा निबंधांना सायटेशनच्या अभ्यासात 'निद्रिस्त सुंदरी' म्हणतात.

नियतकालिकाचं नाव आणि क्रमवाऱ्या

इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकाचा असतो: मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले दाखले, भागिले त्या दोन वर्षांतले दाखलायोग्य लेख. थोड्या पेपरांना खूप दाखले आणि बहुतेकांना थोडे, असं वाटप सगळीकडे असतं, तेव्हा त्या सरासरीवरून आतल्या एका पेपरबद्दल काही ठरवता येत नाही. व्यक्तीच्या मूल्यमापनात इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये, असं संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीचा डोरा जाहीरनामा स्पष्ट म्हणतो. त्याची सुरुवात २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत झाली. नियतकालिकाबद्दल एवढंच तपासा की तिथे खरं परीक्षण होतं का, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, आणि पैसे भरून आठवड्यात पेपर छापून देण्याचा धंदा तर नाही ना.

'जगातल्या वरच्या दोन टक्क्यांत' असा उल्लेख परिचयात दिसला तर त्यामागची यादी समजून घ्या. स्टॅनफर्डमधल्या जॉन इओआनिडिस आणि सहकाऱ्यांनी २०१९ पासून स्कोपसच्या माहितीवर ती काढली आहे. विद्यापीठाने दिलेला तो पुरस्कार नव्हे. तिच्यात दोन तक्ते असतात, संपूर्ण कारकिर्दीचा आणि एकाच वर्षाचा, आणि परिचयात कोणता तक्ता आहे हे सहसा लिहिलेलं नसतं. यादीची एक गोष्ट मात्र मला पटते: ती एकट्याने, प्रथम आणि शेवटचा लेखक म्हणून लिहिलेल्या पेपरांना वेगळं मोजते आणि स्वतःचे दाखले वगळूनही आकडे देते. म्हणून कुणी ती नुसती बातमी म्हणून वापरत असेल तर त्याला ते रकाने उघडून दाखवा.

टिपण लिहा, आणि ते तिला पाठवा

शेवटी अर्ध्या पानाचं टिपण. आकडे कमी आणि वाक्यं जास्त. आपल्या संशोधकाचं मी साधारण असं लिहीन:

'२०१३ पासून दहा प्रकाशनं. एच-इंडेक्स ७, त्यात १८० लेखकांच्या एका संकलनात्मक निबंधाचा समावेश. तो वगळता ६. सर्वात महत्त्वाचं काम: ध्वनिमुद्रणावरून बेडकांची संख्या अंदाजण्याची २०१७ ची पद्धत, प्रथम लेखक. १९ दाखले, त्याच वर्षाच्या त्याच नियतकालिकातल्या ६० पेपरांत पाचवं स्थान. इतर सहा पेपरांनी ही पद्धत प्रत्यक्ष वापरली, दोघांनी तिच्या मर्यादांवर आक्षेप घेतले. स्रोत आणि तारीख सोबत.'

हे वाचून समितीला तिला काय विचारायचं ते कळतं: पावसाच्या आवाजाचा प्रश्न पुढे कसा सोडवलात?

टिपण आणि तक्ता समितीकडे जाण्याआधी त्या संशोधकाकडे पाठवा. मापनाबद्दलची दहा तत्त्वं सांगणाऱ्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातही हे एक तत्त्व आहे: ज्यांचं मूल्यमापन होतं त्यांना माहिती तपासू द्या. दोन दिवसांत उत्तर येतं. '९ सायटेशन्सचा तो पेपर माझा नाही, त्याच नावाच्या दुसऱ्या बाई आहेत. आणि माझ्या आधीच्या आडनावाने छापलेला एक पेपर सुटला आहे, त्याला ११ दाखले आहेत.' मग रांग पुन्हा लावा: २१२, ४८, ३१, १९, १४, ११, ७, ६, ३, ०. एकूण ३५१. एच-इंडेक्स पुन्हा ७ च. तक्त्यातली ओळ बदला, आधीचं आडनाव शेऱ्यात लिहा, आणि टिपणावर नवी तारीख घाला.